दोराचं दुसरं टोक

आषाढ सरत आला की मुरब्याच्या किनाऱ्यावर एक वास उठतो. ओढून वर घेतलेल्या लाकडी होड्यांना तेल पाजायचं काम तेव्हा निघतं. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं ते जुनं, कुबट, घशाला चिकटणारं तेल जरा ऊन पडलं की तापतं आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. आता लाकडी होड्या थोड्याच उरल्यात. फायबरच्या होड्यांना असलं काही लागत नाही, त्यामुळं वासही दरवर्षी पातळ होत चाललाय. परवा स्कूटरवरून त्या बाजूला गेलो होतो आणि तो नाकात शिरला. मी स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि उभा राहून पोटभर वास घेतला. मागून आलेला टेम्पोवाला थांबून म्हणाला, "क्या हुआ भाईसाब, तबियत ठीक है ना?" मी मान हलवली. माझी तब्येत ठीक होती, फक्त मी सात वर्षं मागं गेलो होतो.

नाक हा माझा पोटापाण्याचा अवयव आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वंगण बघतो. कुठल्या यंत्राला कुठलं तेल, ते कधी बदलायचं, कुठलं जळकं झालंय, हे माझं काम. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी मी डब्यात नाक घालून निकाल सांगतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. बायको म्हणते, सासरचं सोनं घातलेली बाई सोन्यानं ओळखू येते, मी नवऱ्याच्या शर्टाच्या वासानं ओळखू येते. मूळचा मी घाटावरच्या दुष्काळी माणचा. आमच्याकडं पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, सरावलीत खोली घेतल्यावर, आणि पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की एवढं पाणी आणि एकही थेंब शेताला नाही.

तर त्या वर्षी, जून महिन्यात, बोईसर स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक सापडलं. इंग्रजी, विटेएवढं जड, पुठ्ठा गेलेला. सगळ्या जगात देवमाशांची शिकार कशी होत आली, याचं ते चित्रांचं पुस्तक. चाळता चाळता एका ओळीवर थबकलो. जुन्या काळी कापडगिरण्यांच्या चात्यांना देवमाशाच्या डोक्यातून निघालेलं तेल घालत असत. ते थंडीत गोठत नसे, वेगात जळत नसे, घड्याळजीसुद्धा तेच वापरत. मी दुकानातच बसकण मारली. बावीस वर्षं मी ज्या धंद्याचं खातोय, त्याचा पणजोबा एक देवमासा होता आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रद्दीवाला म्हणाला, "ले जाओ साहब, कोई पढ़ता नहीं." मी घेऊन आलो.

आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या पार्वतीकाकू मुरब्याच्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा त्या सुकट, बोंबील, खारं घेऊन यायच्या. त्यांना मी विचारलं, काकू, तुमच्याकडं कुणी देवमासा बघितलाय का?

"आमच्या घरातल्यांना इचारा," त्या म्हणाल्या. "त्यांना दर्यातलं सगलं ठावं हाय. घरातलं काय बी नाय."

अशी काकूंच्या नवऱ्याची, धर्माकाकांची, ओळख झाली. धर्माकाका तांडेल. म्हणजे बोट चालवायचं, कुठं जाळं टाकायचं आणि कधी परतायचं हे ठरवायचं काम आयुष्यभर त्यांचं. तेव्हा सत्तरीला आले होते आणि बोट मुलाच्या, जगनच्या, हाती दिली होती. पण जाळं दिलं नव्हतं. त्यांच्या ओसरीवर नव्या जाळ्याचा हिरवट ढीग पडलेला असायचा. जाळीचे पट्टे बाजारातून तयार येतात, पण ते वरच्या दोराला बांधणं, बोये, म्हणजे तरंगणारे गोळे, लावणं, खाली वजनं लावणं हे हातानं करावं लागतं, आणि ते काम काका दुसऱ्या कुणाला करू देत नसत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पालघरच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलेलं. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "आदी जाळं, मंग डोळा." गाठी ते बोटांनी बांधत. हे आपलं शेवटचं जाळं, हे त्यांनाही माहीत होतं आणि घरालाही. जुनं जाळं आदल्या वर्षी फाटून गेलं होतं, म्हणजे येणारं सगळं वर्ष त्या ओसरीवरच्या ढिगावर उभं राहणार होतं.

त्या पावसाळ्यात मी दर रविवारी पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मुरब्याला जायचो. काका चित्र डोळ्यांजवळ धरून, उजेडाकडं तिरकं करून बघायचे. मी खालचा मजकूर लावायचो. आमचा क्रम असा होता: आधी काका चित्र सांगणार, मग मी वाचणार.

एका चित्रात दोन्ही टोकांना निमुळती होडी होती. सहा माणसं. पुढं देवमाशाची पाठ, तिच्यात भाला रुतलेला आणि भाल्याचा दोर होडीतून ताठ गेलेला. एक माणूस टोपीत पाणी घेऊन ओतत होता. मला वाटलं होडीत शिरलेलं पाणी बाहेर टाकतोय. काका म्हणाले, "नाय. दोरावर वततोय. मासा पळाला का दोर एवढ्या जोरात जातो का लाकूड जळतं. आमी बी..." आणि थांबले. मग त्यांनी सुई उचलली आणि एक गाठ घातली. मी मजकूर वाचला. दोर खुंटावरून जाताना पेट घेऊ नये म्हणून पाणी ओतत, असंच लिहिलं होतं.

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. अजून वाटतं. घाटावर हुशार माणसं पुष्कळ बघितली, कारखान्यात पदव्या लावलेली बघितली, पण इंग्रजीचं एक अक्षर न येता इंग्रजी पुस्तक असं वाचणारा दुसरा भेटला नाही. कुठल्या चित्रकारानं स्वतः समुद्र बघितलाय आणि कुणी ऐकीव काढलंय, हे ते दोराच्या वेटोळ्यावरून सांगत. "ह्याचा दोर पायात अडकंल. हा मानूस गेला." असं म्हणून त्यांनी एक अख्खा शिकारी निकालात काढला होता.

आणि त्या शिकाऱ्यांचंही आम्हाला कौतुक वाटायचं, हे खोटं कशाला सांगू? युरोपच्या एका किनाऱ्यावर लोक टेकडीवरच्या बुरुजात दिवसदिवस बसून समुद्रात फवारा शोधत. दिसला की खाली आरडाओरडा आणि होड्या पाण्यात. पुढं जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं घराबाहेर असत. डेकवरच विटांची भट्टी, तीवर लोखंडी काहिली, आणि चरबी कढवून उरलेल्या कुरकुरीत तुकड्यांवरच पुढची भट्टी पेटवायची. मला आमच्याकडचं गुऱ्हाळ आठवलं. उसाचं चिपाड त्याच चुलाणात घालतात. काकांना तीन-चार वर्षं हा आकडा पटेना. "घरी पोर जल्मतं, चालतं, बोलतं, आनी बापाला ठावं नाय?" पार्वतीकाकू आतून म्हणाल्या, "इथं असून बी ठावं नव्हतं."

इंडोनेशियातल्या एका बेटाचं पान काकांना सगळ्यात आवडलं. तिथला शिकारी होडीच्या टोकावरून भाल्यासकट स्वतःच माशावर उडी घेतो. आणि मासा किनाऱ्याला लागला की त्याचा कुठला भाग कुठल्या घरी जायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. विधवेच्या घरचा वाटासुद्धा. उत्तरेकडच्या बर्फातल्या लोकांचंही तसंच. काकांनी मान डोलावली. "वाटा चुकला नाय म्हंजे गाव हाय."

जपानच्या पानावर मात्र ते अडले. तिथं पूर्वी देवमाशाला आधी जाळ्यात घालत आणि मग भाले मारत. "जाळ्यात?" काकांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचलं. ते ओसरीवरच्या आपल्या ढिगाकडं बघत म्हणाले, "मंग मासा त्यांचा, पन जाळं माशाचं. फाडनारच त्यो." त्याच पानावर लिहिलं होतं की मारलेल्या देवमाशांसाठी तिथल्या लोकांनी देवळांत दगड उभे केलेत, माणसासाठी करावेत तसे.

एक पान मात्र ते कधी बघत नसत. चित्र साधंच होतं. भाल्याच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला होडी नाही, लाकडी पिंप बांधलंय आणि मासा ते ओढत चाललाय. ते पान आलं की काकांचा अंगठा पुढं सरकायचा. मला वाटलं, चित्रात माणसं नाहीत म्हणून कंटाळत असतील. मी वंगणवाला माणूस. मला घर्षण यंत्रातलं कळतं, माणसातलं नाही.

शेवटची पानं नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी वाचली. तिथं भाल्याची तोफ झाली होती आणि भाल्याच्या टोकाला स्फोटक आलं होतं. पुढं जहाजाच्या मागच्या बाजूला घसरगुंडी असलेले तरंगते कारखाने. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जगातला सगळ्यात मोठा प्राणी त्या घसरगुंडीवरून वर ओढायचा आणि बघता बघता त्याचं साबण, कृत्रिम लोणी, खत करून टाकायचं. एका फोटोत डेकवर माणसं हसत उभी होती, बुटांना खिळे लावलेले, आणि त्यांच्या मागं जे होतं ते मासा आहे हे कळायला वेळ लागला. शेवटी इतके थोडे उरले की बहुतेक देशांनी धंद्यासाठी मारायचं थांबवलं. काही देश अजून मारतात. मी वाचत होतो आणि मला आमच्या कारखान्याचा वास येत होता. काकांनी पुस्तक मिटलं. "ह्याच्यात दोर कुटं हाय?" ते म्हणाले. "ह्या टोकाला मानूस नाय, त्या टोकाला मासा नाय. नुसतं मशीन." एवढे दिवस आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते या फोटोपर्यंत येऊन पोचतं, याचा मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

सण झाला, नारळ समुद्रात गेले, बोटी गेल्या. भाद्रपदातल्या एका रविवारी काका मला म्हणाले, "घाटावरले, चित्रं लय बगितली. चला आता." नव्या जाळ्यावर ते स्वतः जायचे होते. आदल्या संध्याकाळी टाकून ठेवलेलं जाळं सकाळी ओढायचं होतं. बोटीवर जगन, जव्हारकडचे दोन भाऊ खलाशी म्हणून, काका आणि मी. किनारा मागं पडला तसा माझ्या पोटातला चहा वर यायला लागला. जगन हसून म्हणाला, "दादा, लिंबू चोखा आनी लांब बगा." मी लांब बघितलं. घिवलीकडची उंच चिमणी आणि पालघरमागच्या काळदुर्गाचा चौकोनी माथा एका रांगेत आले की जाळं जवळ आलं, असं काकांनी सांगितलं होतं. आम्हाला समुद्र म्हणजे सगळीकडं सारखाच. त्यांच्यासाठी तिथं पत्ते असतात.

अर्धं जाळं बोटीत आलं. पापलेटं, सुरमई, चांदीसारखं काहीबाही. जगनचा चेहरा खुलला होता. आणि मग जाळं ओढायचं थांबलं, ताठ झालं, आणि बोटीचं पुढचं टोक खाली वाकलं. कुणी काही बोलायच्या आत पन्नास हातांवर पाणी फुटलं आणि आवाज आला. कारखान्यात वाफेचा व्हॉल्व्ह सुटतो तसा. फवारा वाऱ्यानं आमच्यावर आला आणि त्याचा वास माझ्या नाकात गेला. कुजलेला कोबी, शिळा जवळा आणि ओला गरम श्वास. आयुष्यात हजार तेलं हुंगली, पण तो वास त्यांतल्या कशातच नव्हता. तो जिवंत होता. पाठ वर आली, काळपट, लांबच्या लांब, संपेचना. शेवटाला छोटा वाकडा पंख. आणि त्याच्या मागं, शेपटाच्या बेचक्यात, आमचं जाळं.

बोट कलली. जगननं कोयता घेतला आणि जाळ्याचा दोर काठावरच तोडला. सपकन बोट सरळ झाली. जाळ्याचा उरलेला अर्धा भाग, त्याचे केशरी बोये, सगळं पाण्यातून ओढलं जात दूर गेलं. जगननं कोयता खाली ठेवून हात जोडले. दोघं भाऊही पाया पडले. "गेला देव," जगन म्हणाला. "सुटला."

काका मागं बसले होते. "बोये गेले का त्याच्यासंग?"

"गेले. धा-बारा असतील."

"मंग सुटला नाय," काका म्हणाले. "इंजन चालू कर. त्याच्या मागं घे."

जगन म्हणाला, "बाबा, जाळं गेलं ते गेलं. आता त्याच्या मागं जाऊन बोट बी घालवायची का? देव हाय त्यो, सोडवील सोताला."

"देव हाय म्हनून शेपटाचा दोर पातळ व्हनार नाय." काका उठून उभे राहिले. "बोये बांदलेला मासा आज पळतो. उद्या दमतो. परवा वर येऊन पडून ऱ्हातो, हालत नाय. मना ठावं हाय. मी तसेच मारलेत."

जगन बापाकडं बघत राहिला. "कदी?"

"तू नव्हता तवा. वेरावळला."

तरुणपणी तीन हिवाळे काका सौराष्ट्रात कामाला गेले होते, हे पार्वतीकाकूंनाही माहीत होतं. काय कामाला, ते कुणाला माहीत नव्हतं. आता त्यांनी थोडक्यात सांगितलं. तिकडं मोरीच्या जातीतला ठिपक्यांचा प्रचंड मासा येतो. आपल्याकडं बहिरी म्हणतात. गरीब प्राणी, होडीला पाठ घासतो, माणसाला काही करत नाही. तो होडी जवळ येऊ द्यायचा. त्याला मोठा आकडा मारायचा आणि दोराला पिंपं बांधून सोडून द्यायचं. पिंप ओढून ओढून तो थकला की किनाऱ्याला आणायचा. त्याच्या काळजाचं तेल होड्यांना लावायचं. तिकडं त्या माशाला नावच बॅरल पडलं होतं. आता तसं मारायला कायद्यानं बंदी आहे. पुस्तकातलं ते पान काकांचा अंगठा का सरकवायचा, हे मला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःच्या मठ्ठपणाची लाज वाटली.

जगननं इंजिन चालू केलं. काका मला म्हणाले, "तुमचे डोळे चांगले हायत. वर चढा आनी बोये बगा." म्हणजे मी, माणचा माणूस, ओकून ओकून रिकामा झालेला, केबिनच्या छपरावर पालथा पडून समुद्रात केशरी ठिपके शोधत होतो. जुन्या चित्रांत डोलकाठीवर बसलेला माणूस फवारा दिसला की ओरडतो. मला दिसलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी नुसता हात लांब केला आणि जगननं बोट तिकडं वळवली.

"मागनं घे. त्याच्या डोळ्याच्या बाजूनं जाऊ नको. इंजन बंद कर. आता वल्ही." काका एकेक शब्द असा देत होते जशी ओसरीवर एकेक गाठ देत असत. खलाशांतल्या धाकट्या भावानं आकड्यानं एक बोया धरला. दोर वर आला. काकांनी त्याचा एक वेढा बोटीच्या पुढच्या खुंटाला दिला, गाठ नाही मारली. मासा बुडाला आणि दोर खुंटावरून सुसाट निघाला. मला आधी वास आला. नायलॉन जळत होता. कुणी सांगितलं नाही. मी छपरावरून खाली पडलो म्हणा किंवा उतरलो म्हणा, बोटीतला प्लॅस्टिकचा मग घेतला, समुद्राचं पाणी भरलं आणि दोरावर ओतायला लागलो. काकांनी वळून बघितलं आणि पहिल्यांदाच, त्या सगळ्यात, ते हसले.

मासा वर आला की आम्ही दोर ओढून बोट त्याच्या जवळ न्यायची, बुडाला की सोडायचा. पुस्तकातले लोक असंच करत. ते शेवटी भाला खुपसायला जवळ जात, एवढाच फरक. ऊन डोक्यावर आलं. हाताची सालटं निघाली. धर्माकाकांनी बांबूच्या टोकाला कोयता बांधून घेतला होता आणि ते बोटीच्या टोकावर पाय फाकून उभे होते, अगदी चित्रातल्यासारखे. फक्त मोतीबिंदूमुळं त्यांना लांबचं काही दिसत नव्हतं. जगननं सुकाणू खलाशांतल्या मोठ्या भावाकडं दिलं आणि तो बापाच्या मागं जाऊन उभा राहिला. एक हात बापाच्या कमरेत, तोंड कानाशी. "डावीकडं, बाबा. अजून. खाली. हां. आता हाय दोर. आता."

मासा पाण्याच्या वर निपचित होता. श्वास घेत होता, सोडत होता. शेपटाच्या बेचक्यात दोर मांसात रुतलेला मला दिसत होता. तिथली कातडी पांढरी झाली होती. एक फटका आणि आम्ही पाचही जण पाण्यात, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी कोयता अडकवला आणि ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोर तुटला. बोट मागं सरकली. जाळ्याचा लगदा सैल होऊन आमच्याकडं आला आणि ते प्रचंड शेपूट सावकाश वर उठलं, पाणी गळत, बोटीवर सावली पडली एवढं. मग ते, पाण्याचा थेंबही न उडवता, आत गेलं.

लांबवर एकदा फवारा दिसला, आमच्यापासून दूर जाणारा. मी रडत होतो. का ते विचारू नका. मलाही अजून नीट सांगता येत नाही, पण एवढं आनंदाचं रडू मला त्याआधी आलं नव्हतं.

काका खाली बसले. जाळ्याच्या लगद्यातून हात फिरवत त्यांनी दोराचं तुटलेलं टोक शोधलं आणि त्यावरची बोयाची गाठ चाचपली. "गाठ नाय सुटली," ते म्हणाले. "एवढा मासा वढत होता, पन नाय सुटली." आणि थोड्या वेळानं, जगनकडं न बघता, "मारायला शिकलो ते फुकट नाय गेलं म्हनायचं."

जाळं गेलं. जे परत आलं ते चिंध्या होत्या, आणि आधी बोटीत आलेल्या अर्ध्यावर वर्ष निघणार नव्हतं. त्या वर्षी जगन सातपाटीला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. तांडेलाच्या पोराला ते सोपं नसतं. पार्वतीकाकू आमच्या गल्लीत दुसऱ्यांचे मासे घेऊन यायच्या. मी एकदा हळहळलो तर म्हणाल्या, "देवाला दिलेलं परत मागायचं नसतं, दादा. सुरमई घेताव का नाय ते सांगा." पण काकूंनी ती गोष्ट सगळ्या गल्लीला तीनदा सांगितली होती. मला काय, गल्लीनं मला वर्षभर मगवाला म्हणून चिडवलं. कारखान्यातल्या कुठल्याही बढतीपेक्षा मला ते नाव आवडलं.

त्या हिवाळ्यात काकांचा एक डोळा झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला निरोप धाडला, पुस्तक घेऊन या. गेलो. जगनही घरी होता. काकांनी स्वतः पानं उलटली आणि पिंपाच्या पानावर थांबले. पहिल्यांदाच. नवा डोळा बारीक करून त्यांनी चित्र बघितलं, आणि मग वेरावळच्या तीन हिवाळ्यांचं सगळं सांगितलं, मुलाला. मासा होडीशी येऊन कसा अंग घासायचा, पाठीवरचे ठिपके ओले असताना कसे दिसायचे, पिंप मागं नाचत जायचं तेव्हा पोरंटोरं कशी हसायची. "मी बी हासायचो," ते म्हणाले. जगननं उठून कोनाड्यातून वीतभर दोर आणला. त्या दिवशीचा, गाठीसकट. काकांनी तो त्या पानावर ठेवला आणि पुस्तक मिटलं.

परवा वासाच्या मागं मागं मी त्यांच्या ओसरीवर गेलो. काका आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेत. जगनची स्वतःची बोट पुन्हा उभी राहिलीय, जाळ्याला बोये तो स्वतः लावतो आणि काका शेजारी बसून चुका काढतात. पुस्तक त्यांच्याकडंच असतं, कोनाड्यात, देवाच्या फोटोखाली. मी ते काढलं, झटकलं, परत ठेवलं. दोराच्या त्या तुकड्यामुळं ते आता नीट मिटत नाही.